‘मी संपावर गेले, तर टेबलावरच्या बाईचं काय?’

मी समुपदेशक आहे. लेबर रूममध्ये, म्हणजे बाळंतपणाच्या खोलीत, काम करणाऱ्या सिस्टर माझ्याकडे येतात, त्या सहसा संपाबद्दल बोलायला येत नाहीत. झोप लागत नाही, बीपी वाढलंय, पोरांवर उगाच हात उगारला जातो, अशा तक्रारी घेऊन येतात. पण कुठे संपाची नोटीस लागली की दोन-तीन भेटींनंतर आवाज खाली करून एक प्रश्न येतोच. ‘मॅडम, मी संपावर गेले तर चूक होईल का?’ आणि थोडं थांबून, ‘नाही गेले तर?’

हा प्रश्न मला इतक्या जणींनी विचारला आहे, की एकदा सविस्तर लिहावं असं बरेच दिवस मनात होतं. मी ते एका बाईच्या हकिकतीतून लिहिते आहे. तिची परवानगी घेतली आहे. नाव, गाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. तिला आपण सुनंदा म्हणू.

सुनंदा पहिल्यांदा आली ती २०२२ च्या एप्रिलमध्ये. वय ४१. शासकीय स्त्री रुग्णालयात अधिपरिचारिका, नोकरीची १७ वर्षं, त्यातली ९ लेबर रूममध्ये. आपल्याकडे ‘मिडवाइफ’ म्हटलं की लोकांना गावची सुईण आठवते. पण आज महाराष्ट्रात बाळंतपणं करतात त्या गावच्या आरोग्य उपकेंद्रातल्या एएनएम, म्हणजे तिथल्या नर्सबाई, आणि दवाखान्यातल्या या सिस्टर. जीएनएम या नर्सिंगच्या शिक्षणातला ‘एम’ मिडवायफरीचाच, म्हणजे बाळंतपण करण्याच्या विद्येचाच आहे. नोंदणीसुद्धा परिचारिका आणि प्रसविका अशी दुहेरी होते. बाळ सुखरूप झालं की नातेवाईक डॉक्टरांच्या पाया पडतात. रात्रभर कमरेवर हात फिरवत, ठोके मोजत, धीर देत उभी राहिलेली बाई तोवर पुढच्या टेबलाशी गेलेली असते.

नाईट संपवून ती थेट आली होती. साडी बदललेली, पण पायांत वॉर्डातल्याच चपला.

‘डोळा लागतो, पण अर्ध्या तासात जाग येते. उठले की आधी हात बघते.’

‘हात?’

‘रक्त आहे का ते.’

मी जे सवयीने करते ते केलं. खुर्चीत सैल बसा, चार आकडे मोजत श्वास आत, सहा आकडे मोजत बाहेर. तिने दोन-तीन वेळा केलं आणि मग अगदी अदबीने म्हणाली, ‘मॅडम, रागावू नका. पण रात्रभर मी बायांना हेच सांगत असते. कळ आली की लांब श्वास घे, हळू सोड. श्वास घेता येतो मला.’

मी वही मिटली. तिचं बरोबर होतं. झोप येत नाही म्हणताच मी झोपेचा उपाय काढला होता. रात्री काय घडलं, ते विचारलंच नव्हतं. विचारल्यावर तिने सांगितलं, एका दमात, जणू शेकडो वेळा मनात म्हणून झालेलं.

फेब्रुवारीतली रात्र. रोस्टरवर लेबर रूमला दोघी. एकच्या सुमाराला एका बाईचं सिझर ठरलं. ओटीच्या, म्हणजे ऑपरेशन थिएटरच्या, सिस्टर रजेवर होत्या, म्हणून दुसरी सिस्टर तिच्याबरोबर ओटीत गेली. इकडे सुनंदा आणि एक मावशी. दीडला एक पहिलटकरीण बाळंत झाली. वार पूर्ण पडली, रक्तस्राव बेताचा, बाळ आईजवळ दिलं, तिला शेजारच्या खाटेवर हलवलं. तेवढ्यात दुसऱ्या टेबलावरची बाई जोर करू लागली आणि बाळाचे ठोके उतरू लागले. तिच्यापासून हलणं शक्य नव्हतं. बाळ झालं, पण रडेना. जन्मल्यावर पहिल्या मिनिटात श्वास सुरू झाला पाहिजे, नाहीतर पिशवीने हवा द्यायला सुरुवात करायची, हे तिच्या हाताला इतकं ठाऊक आहे की डोक्याने विचार करावा लागत नाही. बाळ रडलं.

‘ते रडलं आणि मला वाटलं, सुटले. तेवढ्यात मावशी ओरडली, सिस्टर, हिची चादर बघा.’

पहिलटकरणीकडे सुनंदाने शेवटचं पाहिलं होतं त्याला ५० मिनिटं झाली होती. गर्भाशय आकुंचन पावून दगडासारखं घट्ट लागायला हवं, ते कणकेच्या गोळ्यासारखं मऊ लागत होतं. मग सगळं झालं. पोट चोळणं, ऑक्सिटोसिन, दोन्ही हातांना सलाईन, ओटीतून धावत आलेल्या डॉक्टर, रक्ताच्या दोन पिशव्या. बाई वाचली. आठव्या दिवशी बाळाला घेऊन घरी गेली, जाताना सुनंदाच्या हातावर पेढा ठेवून.

तिसऱ्याच दिवशी सुनंदाला मेमो मिळाला होता. ‘प्रसूतीपश्चात निरीक्षणात आपणाकडून हयगय झाल्याचे दिसून येते. लेखी खुलासा २४ तासांत सादर करावा.’ हे वाक्य तिला शब्दन् शब्द पाठ होतं. ‘हयगय’ या शब्दाशी येऊन ती प्रत्येक वेळी थांबायची.

‘खुलाशात काय लिहिलंत?’

‘पुन्हा असं होणार नाही, असं लिहिलं.’

‘आणि होणार नाही?’

ती बराच वेळ खिडकीकडे बघत राहिली. ‘रोज होतं, मॅडम. फक्त चादर भिजत नाही.’

पुढच्या भेटीत मी टेबलावर एक मोठा कोरा कागद पसरला. लेबर रूममध्ये पार्टोग्राफ नावाचा तक्ता असतो. बाईच्या कळा, गर्भाशयाचं तोंड किती उघडलं, बाळाचे ठोके हे सगळं वेळेच्या रेघेवर मांडत जायचं, म्हणजे गाडी कुठे अडते आहे ते लांबूनही दिसतं. मी तिला म्हटलं, ‘सिस्टर, त्या रात्रीचा पार्टोग्राफ काढा. बाईचा नको, तुमचा. दोन ते तीन या एका तासाचा.’

ती आधी हसली, मग पेन घेतलं. त्या तासात तिच्या ताब्यात सहा बाया होत्या. तिघी कळांत. त्यांच्या बाळांचे ठोके दर अर्ध्या तासाला मोजायचे, म्हणजे तासात सहा वेळा. एक जोर करणारी. तिच्या बाळाचे ठोके दर पाच मिनिटांनी, म्हणजे बारा वेळा. आणि दोघी नुकत्याच बाळंत झालेल्या, एक दीडची आणि एक संध्याकाळी उशिरा तालुक्याहून गाडीत बाळंत होऊन आलेली, फाटलेली, टाके घालून ठेवलेली, जिच्यावर तितकीच नजर ठेवायला डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्या दोघींची नाडी, बीपी, गर्भाशय आणि रक्तस्राव दर पंधरा मिनिटांनी, म्हणजे आठ वेळा. बेरीज झाली २६. एका तासात २६ तपासण्या. ठोके नीट मोजायचे तर पूर्ण एक मिनिट जातं, बाळंतिणीला तपासायला तीन-चार मिनिटं. एका बाईकडून दुसरीकडे जाताना हात धुवायचे. जोर करणारीला सोडून जायचं नाही. नोंदी लिहायच्या. आणि यात न रडणारं बाळ धरलेलंच नाही.

सुनंदाने २६ वर गोल केला. मग मला विचारलं, ‘मॅडम, हे दोघींनी तरी झालं असतं का?’

‘तुम्हीच सांगा.’

‘दोघींनी कसंबसं. तिघींनी नीट.’

त्या दिवशी ती पहिल्यांदा रडली. नऊ वर्षं ती त्या खोलीत होती, पण हा हिशेब तिने कधी मांडला नव्हता. मांडायला तिला कुणी सांगितलंही नव्हतं. भारतीय परिचर्या परिषदेचे निकष आहेत. शिकवणाऱ्या रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक परिचारिका, इतर रुग्णालयांत पाचांमागे एक, रजा-सुट्ट्यांची तरतूद वेगळी. हे निकष तिने शिकताना पाठ केले होते, परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. नोकरीत आल्यावर ते कुणी उच्चारले नाहीत.

आमच्या क्षेत्रात या अवस्थेला नाव आहे. १९८४ मध्ये अँड्र्यू जेमटन या अमेरिकी नीतिशास्त्र अभ्यासकाने परिचारिकांबद्दल लिहिताना ते वापरलं. मी मराठीत त्याला नैतिक घुसमट म्हणते. योग्य काय ते माणसाला पक्कं ठाऊक असतं, ते करण्याचं कसबही अंगात असतं, आणि व्यवस्था ते करू देत नाही. थकलेल्या माणसाला रजा दिली की तो सावरतो. घुसमटलेल्याला रजा दिली तर तो रजेतही हात बघत उठतो. सुनंदाला मी थकवा म्हणून औषधाला पाठवलं असतं तर फारसा उपयोग झाला नसता, असं मला आजही वाटतं.

मे महिन्यात संपाची हाक आली. राज्यभरच्या शासकीय परिचारिकांचा तो संप होता. मुख्य विरोध होता बाहेरच्या कंत्राटदारामार्फत परिचारिका भरण्याला. रिकाम्या पदांवर कायम माणसं द्या, ही त्यामागची मागणी. कोविडची दोन वर्षं उपसून झालेल्या बाया होत्या या.

सुनंदा त्या आठवड्यात ठरलेल्या दिवसाआधीच आली.

‘मॅडम, आमच्या घरात आत्ताच एक संप संपलाय.’

तिचा नवरा एसटीत वाहक. २०२१ च्या नोव्हेंबरपासून तो संपावर होता. उच्च न्यायालयाने २२ एप्रिलपर्यंत कामावर हजर व्हा म्हटलं, तेव्हा तो रुजू झाला. साडेपाच महिने घर सुनंदाच्या पगारावर चाललं होतं. पाटल्या सराफाकडे गहाण होत्या, मुलीच्या बारावीच्या क्लासची फी थकली होती. आता हिचाही पगार थांबला तर? त्यात मेस्मा लागणार अशी चर्चा. शासनाने हा अत्यावश्यक सेवांचा कायदा लावला की संप बेकायदा ठरतो आणि अटकेची भीती येते.

आणि सासूबाई. त्यांचं एकच म्हणणं. ‘एसटी बंद पडली तर माणूस चालत जाईल गं. कळा आलेल्या बाईने काय करावं? बाळंतिणीचा तळतळाट लागतो.’

सुनंदाच्या मनात आणखी एक गोष्ट होती, ती तिने सगळ्यांत शेवटी काढली. शपथ. नर्सिंग कॉलेजमध्ये हातात दिवा घेऊन सगळ्या मुली शपथ घेतात, आधुनिक नर्सिंगचा पाया घालणाऱ्या फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या नावाची. ‘त्या दिवशी माझी आई आली होती, मॅडम. शेतातून मजुरी सोडून. मी ती शपथ तिच्यासमोर घेतलीय.’

मी तिला म्हटलं, आपण आधी हे गाठोडं सोडू. पगाराची आणि नोकरीची भीती खरी आहे, पण ती पैशाची भीती आहे, तिला पापाचं रूप देऊ नका. तिच्यावर हिशेबाने बोलू. सासूबाई, शेजारी, पेशंटचे नातेवाईक काय म्हणतील, हीसुद्धा भीती आहे, पण ती लोकांची. या दोन्ही बाजूला काढल्यावर काय उरतं?

‘टेबलावरची बाई.’

‘मग तिच्याबद्दलच बोलू.’

पैशाचं आम्ही पंधरा मिनिटांत उरकलं. नवऱ्याचा पगार सुरू झाला होता. संपाच्या दिवसांचं वेतन कापलं जाऊ शकतं, हे धरून चालायचं. जास्तीत जास्त किती दिवस झेपेल? तिने सांगितलं, बारा. तो आकडा तिने कागदावर लिहिला. याबद्दल मी आग्रही असते. आपली मर्यादा घरात बसून, शांत डोक्याने, आधी ठरवावी. मंडपात घोषणा चालू असताना ती ठरवता येत नाही. एसटीच्या संपात किती घरांनी ती ठरवली नव्हती, हे सुनंदाने जवळून पाहिलं होतं.

शपथेवर मात्र आम्ही खूप वेळ थांबलो. ही शपथ नाइटिंगेलबाईंनी लिहिलेलीच नाही, हे सुनंदाला ठाऊक नव्हतं. १८९३ मध्ये अमेरिकेत डेट्रॉइट इथे लिस्ट्रा ग्रेटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती तयार केली आणि तिला नाइटिंगेलचं नाव दिलं. स्वतः नाइटिंगेल क्रिमियाच्या युद्धावरून परतल्या त्या सरकारशी भांडायला. किती सैनिक जखमांनी मेले आणि किती टाळता येणाऱ्या रोगांनी, याचे आकडे रंगीत वर्तुळांत मांडून १८५८ मध्ये त्यांनी ते सत्ताधाऱ्यांपुढे ठेवले. आपण मात्र त्यांच्या हातातला दिवा तेवढा उचलला.

आणि शपथेत आहे काय? माझ्या हाती सोपवलेल्यांच्या हितासाठी मी वाहून घेईन. अपाय होईल असं काही करणार नाही. मी सुनंदाला विचारलं, ‘त्या रात्री एकटीने सहा बाया सांभाळायच्या, हे ज्यांनी होऊ दिलं त्यांच्याकडून ही शपथ पाळली गेली?’

‘त्यांनी घेतलेलीच नाही ना, मॅडम.’

हे ती सहज बोलली. मला पुढे काही दिवस ते वाक्य सोडेना.

आता माझं मत. समुपदेशकाने मत देऊ नये असं शिकवतात, आणि निर्णय तिचाच होता हे मी तिला स्पष्ट सांगितलं. पण समोरच्या बाईने सरळ विचारलं तर मी गप्प बसत नाही.

मला वाटतं, प्रसविकांनी संप करावा, करू शकतात. एका अटीवर. टेबल रिकामं राहता कामा नये. कळा सुरू झालेली, रक्त जाणारी, झटके आलेली बाई आणि नवजात बाळांचा कक्ष, इथे सेवा चालूच राहिली पाहिजे, आणि कोण चालू ठेवणार ते आधी नावानिशी ठरलं पाहिजे. बाकीचं थांबू द्या. बैठकांचे अहवाल, पोर्टलवरच्या नोंदी, पुढे ढकलता येण्याजोग्या शस्त्रक्रिया.

सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये तामिळनाडूच्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या प्रकरणात म्हटलं की सरकारी नोकरांना संपाचा मूलभूत हक्क नाही, आणि त्याला नैतिक आधारही नाही. कायद्याबद्दल मी काही बोलत नाही, ते वकिलांनी सांगावं आणि प्रत्येकीने संपाआधी ते विचारूनही घ्यावं. पण नैतिक आधार नाही, हे मला पटत नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेची भूमिका मला जास्त न्याय्य वाटते. दवाखान्यासारख्या ठिकाणी संपावर बंधन घालता येईल, पण मग त्या बदल्यात तक्रारीचा लवकर आणि निःपक्ष निवाडा करणारी व्यवस्था दिली पाहिजे. आपल्याकडे बंधन आहे, निवाडा नाही. निवेदन देऊन पोचपावती घ्यायची, एवढाच मार्ग.

सुनंदाच्या संघटनेच्या शाखेत या अटीवरून खडाजंगी झाली. तिने मीटिंगमध्ये उठून सांगितलं की लेबर रूम आणि एसएनसीयू, म्हणजे आजारी नवजात बाळांचा कक्ष, इथे कोण थांबणार याची यादी आधी करा, मगच मी येते. एक ज्येष्ठ सिस्टर भडकल्या. ‘इमर्जन्सी आपणच चालवली तर शासनाला कळणार कसं? मंडपात बसून फोटो काढायचे का?’

त्यांचं म्हणणं मी हलकं मानत नाही. परिचारिकेच्या संपाची खरी कोंडी ही आहे. कारखाना बंद पडला की मालकाचं नुकसान होतं. सरकारी लेबर रूम बंद पडली तर नुकसान त्या बाईचं, जिच्याकडे खासगी दवाखान्याचं बिल भरायला पैसे नाहीत. निर्णय घेणाऱ्यांच्या लेकी-सुना तिथे बाळंत होतच नाहीत. त्यामुळे ज्याला झळ लागायला हवी त्याला ती लागत नाही. तरीही टेबल सोडण्याच्या बाजूने मी कधी बोलू शकणार नाही. ब्रिटनमध्ये रॉयल कॉलेज ऑफ मिडवाइव्ज ही १८८१ पासूनची संघटना. तिने आपल्या इतिहासातला पहिला संप केला तो २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये, पगाराच्या प्रश्नावर. अवघ्या चार तासांचा, आणि कळांत असलेल्या बायांची सेवा चालू ठेवून. तरी देशभर त्याची दखल घेतली गेली, कारण जी संघटना कधीच रस्त्यावर आली नव्हती ती आली होती. संपाचं वजन किती टेबलं रिकामी झाली यावरच ठरतं, असं नाही.

सुनंदाने मीटिंगमध्ये ब्रिटनचं काही सांगितलं नाही. तिने तो कागद दाखवला, २६ वर गोल केलेला. म्हणाली, मंडपात फोटोऐवजी हा लावा. प्रत्येक वॉर्डाने आपापला काढा. ज्येष्ठ सिस्टर थोडा वेळ कागद बघत राहिल्या. मग त्यांनीच यादीवर पहिलं नाव स्वतःचं घातलं, नाईटला.

संपाच्या दिवसांत सुनंदा दिवसा गेटबाहेर मंडपात बसली आणि तिच्या पाळीला आत गेली. आत नर्सिंगच्या विद्यार्थिनींना उभं केलं होतं, दुसऱ्या वर्षाच्या मुली. पुस्तकात वाचलेलं बाळंतपण आणि समोर किंचाळणारी बाई यांतलं अंतर त्यांना कळत नव्हतं. त्या पोरींकडे बघून सुनंदाला सगळ्यांत जास्त त्रास झाला. ‘त्यांना आम्हीच शिकवतो ना. त्यांच्या हातून काही झालं असतं तर मेमो त्यांनाही आला असता का?’ मंडपासमोरून जाणारा एक माणूस ओरडला होता, ‘पगार कमी पडतो का गं?’ त्याच्या बायकोचं बाळंतपण चार महिन्यांपूर्वी हिनेच केलं होतं. तिने त्याला ओळखलं, त्याने नाही. असं काही ऐकून आल्यावर लगेच घरी जाऊन झोपायचा प्रयत्न करू नका, कुणाला तरी सांगा, असं मी तिला बजावून ठेवलं होतं. तिने मावशीला सांगितलं. मावशीने त्याचा जो उद्धार केला तो इथे लिहिण्यासारखा नाही, पण सुनंदा त्या रात्री सहा तास झोपली.

काही दिवसांनी, चर्चा आणि आश्वासनांनंतर, संप मागे घेतला गेला. सुनंदाने लिहिलेल्या बारा दिवसांपर्यंत वेळ आलीच नाही. तिच्या लेबर रूममध्ये लगेच तिसरी सिस्टर आली असं मात्र झालं नाही. हे मुद्दाम सांगते, कारण संपावर जाऊन आलेल्या अनेक जणी दोन महिन्यांनी माझ्याकडे येतात त्या ‘एवढं करून काय मिळालं’ या प्रश्नाने खचून. ती खचण्याची वेळ येते हे आधीच माहीत असावं.

त्याच काळात माझ्याकडे दुसरी एक सिस्टर येत होती. ती संपावर गेली नाही. कंत्राटी होती, अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर, घरात एकटी कमावती, पोर दोन वर्षांचं. संपात नाव आलं तर पुढची ऑर्डर निघणार नाही, हे तिला धडधडीत दिसत होतं. संपानंतर वॉर्डात तिच्याशी कुणी डबा वाटून खाईना. ‘फितूर’ हा शब्द तिने ऐकला. मी तिला हे कधीही सांगितलं नाही की तू जायला हवं होतंस. जिच्या पायाखाली जमीनच नाही तिने लढ्याच्या पहिल्या रांगेत उभं राहावं, असं म्हणायचा अधिकार कायम नोकरीवाल्यांना नाही, आणि खुर्चीत बसलेल्या मला तर नाहीच. खरं तर तो संप तिच्यासारख्या नेमणुकांविरुद्धच होता. तेच तिला तोडून गेलं. संघटनांनी यावर विचार करायला हवा. जी बाई येऊ शकत नाही तिचं म्हणणं मंडपात कोण मांडणार, हे आधी ठरवलं तर निम्मी कटुता टळेल.

सुनंदाचं पुढे काय झालं? मेमोच्या खुलाशाला तिने पुरवणी जोडली. त्यात ‘पुन्हा असं होणार नाही’ नव्हतं. त्या तासाचा तक्ता होता, आणि खाली एक ओळ, की या मनुष्यबळात असं पुन्हा होऊ शकतं, हे प्रशासनाच्या निदर्शनास आणून देत आहे. ती पाठवताना तिचे हात थरथरत होते. उत्तर आलं नाही, पण पुढची कारवाईही झाली नाही. मग तिने एक सवय लावली. प्रत्येक नाईटला रिपोर्ट बुकात पुढच्या पाळीला ओव्हर देताना पहिली ओळ हीच लिहायची, ‘टेबलं तीन, बाया इतक्या, सिस्टर इतक्या’, आणि ड्युटीवरच्या डॉक्टरांची सही घ्यायची. डॉक्टरांनी आढेवेढे घेतले नाहीत. त्याही एकट्याच असतात.

महाराष्ट्रात २०१८-२० या काळात लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यूंचं प्रमाण ३३ होतं, देशाचं ९७. आपण तो आकडा अभिमानाने सांगतो आणि सांगावाच. तो कमी राहतो त्यामागे अशा किती रात्री असतात, ते कुठल्या अहवालात नसतं.

झोप हळूहळू परत आली. हात बघणं वर्षभरात सुटलं, एखाद्या वाईट नाईटनंतरचं सोडून. पाटल्या सोडवल्या. सासूबाईंचं मत बदललं नाही. पण मंडपात त्या एकदा भाकरी घेऊन आल्या होत्या, सगळ्या सिस्टरना पुरतील एवढ्या.

२०२५ च्या जुलैत परिचारिका पुन्हा आझाद मैदानात जमल्या. त्या आठवड्यात सुनंदाचा फोन आला. स्वतःसाठी नव्हता. तिच्या लेबर रूमला एक नवी मुलगी लागली होती, तेवीस-चोवीस वर्षांची, संपाचं ऐकल्यापासून जेवत नव्हती.

‘तिला उद्या घेऊन येते, मॅडम. चारची वेळ आहे का?’

‘आहे. या.’

‘आणि एक सांगू? तिला श्वास नका शिकवू. कागद द्या.’